दोन बोटं जागा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर ज्वारीला ऊन दाखवत होते. फोन मामेभावाचा होता, संदेशचा, पेडगावहून. "ताई, बाबा गेले. झोपेतच..." एवढंच तो म्हणाला. किती शांतपणे येते आता बातमी! ना पोस्टमन, ना तार, ना वस्तीभर आकांत. मामांना हे आवडलं असतं, असं मनात आलं आणि तिथेच मला रडू फुटलं. तारेचं आणि मामांचं काय वाकडं होतं हे सांगितल्याशिवाय माझ्या मामांबद्दल काही सांगता येणार नाही. आता महिना उलटून गेलाय, तर सांगते.

माझे मामा म्हणजे कॅप्टन सुदाम. पेडगावच्या आमच्या बौद्ध वस्तीतले पहिले फौजी. शिपाई म्हणून भरती झाले आणि निवृत्त होताना मानद कॅप्टन होऊन आले. उंच, ताठ, मिशीला पीळ. पण डावा पाय जरा ओढत चालायचे. गावाला त्या पायाचं कारण तोंडपाठ होतं. साहेब फौजेत व्हॉलीबॉल खेळताना पडले! म्हणून पाठीमागे त्यांचं नाव होतं 'व्हॉलीबॉल कॅप्टन'. पाठीमागे कसलं, काही टोणगे तोंडावरही म्हणायचे. मामा हसायचे. मला मात्र म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. मी शाळेत शिकवते, त्यामुळे हात आवरायची सवय आहे इतकंच.

तारेचा किस्सा माझ्या जन्माआधीचा, आईनं शंभरदा सांगितलेला. मामांची नोकरी नवी होती. पहिली मोठी रजा मिळाली, त्या आनंदात पोरानं घरी तार केली, येतोय म्हणून. तार पोचली उशिरा. आमच्या आजीनं वस्तीच्या तोंडाशी पोस्टमनच्या हातात तार बघितली आणि तिथेच मातीत बसून हंबरडा फोडला. गावात तार म्हणजे मरण, दुसरा अर्थच नव्हता. आजीचं ऐकून शेजारणी धावल्या, त्यांचं ऐकून सगळी वस्ती. तार इंग्रजीत, वाचणारे गुरुजी परभणीला गेलेले. आणि वाचायची गरज कुणाला होती? पोखर्णीला माझ्या आईकडे माणूस धाडला, ती वाटभर ऊर बडवत आली. संध्याकाळच्या एसटीतून मामा उतरले, खांद्यावर ट्रंक. आपल्याच दारात ही गर्दी! त्यांनी ट्रंक खाली ठेवली, कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "कोन गेलं हो?" म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "सुदाम गेला रे बाबा."

आई हे सांगताना हसून हसून लोळायची. पण आजी त्या दिवसानंतर बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. मामांच्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घातली, "पुन्यांदा घरी तार आली तर माझं मेलेलं तोंड बघशील." ही शपथ पुढे काय करणार आहे, हे तेव्हा त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मामा ऐन तिशीत असताना एकदा काठी टेकत रजेवर आले. आजीनं विचारलं, हे काय? तेव्हा व्हॉलीबॉलचं निघालं. "घोडा झालास अन् खेळतुस काय रे?" म्हणून आजीनं त्यांना झाडलं, लसणाच्या तेलानं पाय चोळला, आणि गोष्ट संपली. आजी चांगली नव्वदीपर्यंत जगली. तोवर मामांनी दुसरं काही सांगितलं नाही.

आजी गेली त्या वर्षी मामा परभणीला माझ्या घरी आले. चहा झाला तरी उठेनात. मग म्हणाले, "माय, एक अर्ज लिहायचाय. माझ्या सर्व्हिसच्या रेकॉर्डमधी दोन पदकं चढली न्हाईत." मी म्हटलं, इतक्या वर्षांनी? त्यावर ते म्हणाले, "आई व्हती तोवर खोटंच बरं व्हतं." आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की माझ्या मामांच्या गुडघ्याखाली गोळी लागली होती. सीमेवरच्या एका गस्तीत. जखमी झालेल्या जवानाला जे पदक मिळतं ते त्यांना मिळायला हवं होतं, पण जखमेची नोंदच कुठे नव्हती. मी रागानं तांबडी झाले. म्हटलं, गावाला आज सांगते! मामा म्हणाले, "सांग की. कोन मानंल? म्हनतील, म्हातारी गेली अन् कॅप्टनला गोळी लागली."

खरंच होतं ते. इतकी वर्षं स्वतःच गावभर पेरलेलं खोटं त्यांना आता नुसत्या तोंडानं उपटता येत नव्हतं. आणि त्यात गावच्या शाळेनं भिंतीवर फौजींची नावं आणि त्यांची पदकं रंगवायचं काढलं. रेकॉर्डमध्ये असेल तेवढंच लिहायचं असं ठरलं. मामांच्या नावापुढे ते पदक आलं नाही. शाळेसमोरून जाताना मामा तिकडे बघायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही.

अर्ज गेले. बर्फातल्या नोकरीचं दुसरं पदक नुसतं कुणाच्या तरी आळसानं राहिलं होतं, त्याची नोंद झाली, पदकही आलं. दरम्यान मामांनी परभणीच्या शिंप्याकडून कोटावरची पट्टी नव्यानं करून घेतली होती. पदकांचा क्रम ठरलेला असतो, कुठलंही कुठेही लावता येत नाही. म्हणून जखमेच्या पदकाची जागा राखायला ते शिंप्याला म्हणाले, "हितं मधी दोन बोटं जागा सोड." तयार मिळतंय, विकत घेऊन लावा, असं शिंपीच म्हणाला. मामांनी मान हलवली. "कागदावर न्हाई ते छातीवर न्हाई." मग दर झेंडावंदनाला ती पडलेल्या दातासारखी फट घेऊन मामा उभे राहायचे, आणि एखादा टोणगा विचारायचाच, "कॅप्टन, मधलं उंदरानं नेलं का?"

जखमेच्या अर्जाला उत्तर आलं, त्याचा अर्थ असा की त्या वेळचा अहवाल आमच्याकडे आलेला नाही. तेव्हा तिथे असलेल्या कुणाचा जबाब असेल तर पाठवा. मी मामांच्या मागे लागले. कोण होतं तुमच्याबरोबर? "कुनी न्हाई." अहो, अख्ख्या पलटनीत कुणी नाही? "न्हाई म्हनलं ना." मग माझा तोल सुटला. म्हटलं, मामा, तुम्हाला पदक हवंय की नुसतं माझं डोकं खायचंय? तेव्हा कुठे ते एक नाव बोलले... लियाकत.

लियाकत चाचांना मी लहानपणापासून ओळखत होते. वालूरचे. मामांच्याच पलटनीत, पण कारकून होते, म्हणून गोळीच्या साक्षीला ते माझ्या डोक्यातच आले नव्हते. आता मुलाच्या बांगड्यांच्या दुकानात बसतात. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खीर जायची. मामांना गोळी लागली तेव्हा कागद त्यांच्याच हातात होते. जखमीच्या घरी तार जाते, हे मामांना माहीत होतं. इस्पितळातल्या खाटेवरून त्यांनी लियाकत चाचांचा हात धरला होता. "घरी तार जाऊ दिऊ नको. मी रजेवर जाऊन तोंडानं सांगतो, मंग धाड तुझा कागद." चाचांनी कागद बाजूला ठेवला. मामा घरी आले, आजीचं तोंड बघितलं आणि व्हॉलीबॉल बोलून बसले. तेवढ्यात चाचांची बदली झाली, आणि तो कागद कुठल्या तरी गठ्ठ्यात राहिला तो राहिलाच.

मला तर हर्षच झाला. साक्षीदार इथे, वालूरला! मी मामांना जवळजवळ ओढतच नेलं आणि दुकानात बसल्या बसल्या सगळं बोलून टाकलं. लियाकत चाचांनी लगेच गल्ल्यातून पेन काढलं, कोरा कागद पुढे ओढला. मामांनी त्या कागदावर आपला पंजा ठेवला.

"न्हाई लियाकत. कागद तुझ्यापाशी थांबला, असं लिहावं लागंल."

"थांबला तर थांबला. झूट थोडीच हाय?"

"उद्या तुझी नातवंडं इचारतील, कागद दाबला का म्हनून."

"दाबला न्हवता रे, ठेवला व्हता. तुझ्या मायसाठी ठेवला व्हता!"

"ते तुला-मला म्हाईत हाय. कागदाला त्यातला फरक कळत न्हाई."

चाचांचे डोळे भरून आले. पण मामा उठलेच होते. म्हणाले, भूक लागली, जेवायला घाल. जेवताना दोघं जुन्या मेसमधल्या कच्च्या रोट्यांच्या गप्पा मारत होते आणि मी एकटी घास चिवडत होते. परतीच्या वाटेवर मी मामांशी बोलले नाही. हट्टीपणाला पण काही सुमार असतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

त्यांची-माझी शेवटची भेट झाली ती जाण्याआधीच्या रविवारी. रविवारी मामा कोट काढायचे, बाजेवर पसरायचे आणि मऊ फडक्यानं एकेक पदक पुसायचे. त्या दिवशी मी नीट बघितलं. हात पहिल्यावरून दुसऱ्यावर गेला, मग त्या रिकाम्या दोन बोटांवरूनही फडकं तितकंच सावकाश फिरलं आणि मग पुढच्यावर. मी म्हटलं, तिथे काय पुसताय? मामा म्हणाले, "धूळ तितंबी बसतीच की, माय."

जलदान विधीच्या दिवशी पेडगावला वस्ती, गाव, सगळे जमले होते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि पुण्यानुमोदनाला कोण कोण दोन शब्द बोलले. मामांच्या फोटोशेजारी खुर्चीवर तो कोट होता. मग मागून लियाकत चाचा उठले. नातवाचा हात झिडकारून एकटेच पुढे आले.

"मी लियाकत, वालूरचा. सुदामच्या पलटनीत कारकून व्हतो. तुमी त्याला काय म्हनता ते मला म्हाईत हाय." मांडवात चुळबुळ झाली. "सुदामनं फौजेत व्हॉलीबॉलला कधी हात लावला न्हाई. त्याला खेळताच येत न्हवतं! त्याच्या पायाला गोळी लागली. जखमी व्हऊनबी दुसऱ्या पोराला पाठीवर घेऊन आला. त्याची नोंद झाली न्हाई, कारन कागद मी ठेवून घेतला. त्याच्या मायला तारेची भीती, म्हनून. ही जी मधी जागा हाय ना..." त्यांनी कोटाकडे बोट केलं, पुढे होऊन त्या फटीवर तळवा ठेवला. मग म्हणाले, "तो व्हता तोवर त्याचा हुकूम पाळला. आता मी माझ्या मनाचा मालक हाय. सगळं लिहून, सही करून धाडलंय मी."

उंदराचं विचारणाऱ्यांपैकी एक जण खाली मान घालून पायातल्या मातीकडे बघत होता. दुसऱ्या पोराचं तर मलाही माहीत नव्हतं, संदेशलाही नव्हतं. इतका वेळ मी कोरड्या डोळ्यांनी उभी होते. आता पदर तोंडात कोंबून घ्यावा लागला. मला मामांचा राग आला, खूप राग आला, आणि माया तर त्याहून जास्त आली.

कोट आता माझ्याकडे आहे. संदेश म्हणाला, ताई, पुण्यात तसलं पदक मिळतं, आणून लावू का? आता तर सगळ्या गावाला माहीत आहे. मी म्हटलं, नको. चाचांच्या कागदाचं उत्तर अजून आलेलं नाही. यायचं तेव्हा येईल. दर रविवारी मी कोट खाटेवर पसरते, फडकं घेते. एक पदक, दुसरं पदक... आणि मग त्या दोन बोटांच्या जागेवर हात जरा जास्तच रेंगाळतो. धूळ तिथेही बसतेच.