मेव्हिसने टाकलेली खडी

मेव्हिस टॉर्विक आणि माझं वैर मिनेसोटातल्या आमच्या अख्ख्या तळेकाठाला ठाऊक होतं. मेव्हिस शाळेची बस चालवायची. आवाज असा, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चिडीचूप बसत. जंगलात लाकूडतोड करताना तिच्या नवऱ्यावर, आर्लोवर झाड कोसळलं आणि त्याचे पाय कायमचे गेले. त्यांच्या घराला उंच पायऱ्या. मेव्हिस त्याला पाठीवर घेऊन चढायची. म्हणून तिने माझ्या घराशेजारची सखल जागा घेतली. चाकाची खुर्ची थेट आत जाईल, असं बैठं घर तिला बांधायचं होतं.

जागेत लव्हाळी आणि घोट्याएवढं पाणी. भरावाची खडी पडायला लागली, तसा केंद्र सरकारचा अधिकारी आला, डेनिस कालिओ.

"बाई, ही पाणथळ जागा आहे, तळ्याशी जोडलेली. टाकलेली खडी काढावी लागेल."

"तळं पलीकडे आहे. मधली सडक दिसत नाही का तुम्हाला?"

"पाणी सडकेखालून झिरपतं."

"मग सडकेला नोटीस द्या!"

खटला उभा राहिला आणि वर्षानुवर्षं चालला. मी सरकारच्या बाजूने साक्ष दिली, कारण तिथे भराव पडला तर पाणी माझ्या तळघरात शिरणार होतं. कोर्टाच्या दारात मेव्हिसने मला गाठलं.

"सिग्ने, तुझ्या तळघरातल्या बटाट्यांपायी माझा नवरा अजून माझ्या पाठीवर चढतोय."

तेव्हापासून चर्चमध्ये आम्ही दोन टोकांना बसू लागलो.

मग दुसऱ्याच कुणाच्या तरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या नियमाची व्याप्ती कमी केली. ज्या पाणथळीचं पाणी जमिनीवरून, सलग तळ्या-नदीला मिळतं, तीच केंद्राच्या अखत्यारीत. मेव्हिसची जागा आणि तळं यांच्या मध्ये सडक. ती जिंकली आणि राहिलेली खडीही टाकून मोकळी झाली.

पुढच्या वसंतात बर्फ भराभर वितळलं. पाण्याला पसरायला जागा नव्हती, खडीला वळसा घालून ते माझ्या तळघरात आलं. मी बादलीने पाणी उपसत होते. जिन्यावर रबरी बूट वाजले. मेव्हिस.

"मला वाटायचं, तू कोर्टात खोटं बोललीस."

"आणि आता?"

"आता बादली दे."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी उपसत होतो. दुसऱ्याच आठवड्यात तिने खडी उचलायला यंत्र बोलावलं. सरकारला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते! तिचा वकील फोनवर ओरडला, "अहो, जिंकलेला खटला पाण्यात घालताय!"

"जिंकले ना मी? मग जागा माझी आणि ठरवणारीही मीच."

खडी निघाली, पण आर्लोचं काय, हे कुणालाच सुचेना. तेव्हा कालिओ आला, निवृत्त होऊन, साध्या शर्टात. सडकेलगतचा उंच पट्टा त्याने दाखवला. तिथे खांबांवर घर उभं राहील, भराव लागणार नाही आणि खुर्ची सडकेच्या पातळीनेच आत जाईल.

आर्लो म्हणाला, "हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगत होतो की! माझं दुसरं वाक्य व्हायच्या आत बाईंनी वकील आणला."

मेव्हिस लाल झाली. "बरं, बरं. कॉफी घेणार का?"

घर झालं. लव्हाळ्यांवरून लाकडी वाट काढली. आर्लो आपला आपण खुर्ची ढकलत टोकापर्यंत जातो आणि बेडूक झोपू देत नाहीत म्हणून कुरकुरतो.

त्या निकालावर आमचं दोघींचं अजून एकमत नाही. मी म्हणते, केंद्राने पाणथळी वाऱ्यावर सोडल्या. ती म्हणते, परसात वॉशिंग्टनचं काय काम? तिच्याच टेबलावर ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री खात आम्ही भांडतो. पण गेल्या गावसभेत ठराव आम्ही दोघींनी मिळून मांडला: ओल्या जागेत भराव टाकण्याआधी खालच्या शेजाऱ्याची संमती घ्यायची. मेव्हिस बसमधल्या आवाजात बोलली.

सगळ्यांचे हात वर झाले.