माळ्यावर लपलेला माणूस

समस्त मरोळ गावठाणास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या राहत्या घरात माणसाला जीव मुठीत घेऊन पळायची उत्तम सोय आहे. हा निर्वाळा एका अनोळखी मुलीने दिला.

जुन्या घरांचे फोटो काढते म्हणून तिला आत घेतलं, तर ती ओसरीवर पालथी पडून दाराखालच्या फटीतून आत बघू लागली. मग लाकडी खांबाला कान लावला आणि गोड आवाजात विचारलं, "अंकल, माळ्यावर लपलेला माणूस खालून दिसतो का?"

मी घाईघाईने बायकोला हाक मारली.

"घाबरू नका, व्हिडिओ गेम बनवतेय," ती हसत माळ्याची शिडी चढू लागली. "भूत मागे लागलं की पळायला असंच घर हवं. दोन्हीकडे दारं, बाहेरून जिना, झकास! फ्लॅटला एकच दार. तिथे माणूस लगेच खलास."

"मग फोटो आजच काढ," मी ऐटीत म्हणालो. "आजोबांनी बांधलेलं हे घर उद्या बिल्डरला देतोय. एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार!"

ती शिडीवरच थिजली. भूत माझ्या पाठीमागेच उभं असावं, अशी माझ्याकडे बघत ओरडली,

"अहो अंकल, मग तुम्ही पळणार कुठून?"