आबांचं मॉरिशसचं गुऱ्हाळ

माझ्या वडिलांना मॉरिशसहून परत पाठवलं, तेव्हा आष्ट्यात बातमी अशी पसरली की धोंडिरामला परदेश झेपला नाही. कुणी म्हणालं, भाकरीवाचून राहवलं नसेल. कुणी म्हणालं, इंग्रजी येत नव्हतं. एका शहाण्यानं तर आपण आपल्या पायरीनं राहावं, असं मला तोंडावर ऐकवलं. त्याच्या घरचा चहा तसाच टाकून मी उठून आले.

झेपला नाही म्हणे. काय झालं ते मी सांगते.

आबा गुळव्या. गुऱ्हाळावर रसाची काहील, म्हणजे ती भली मोठी कढई, चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी करून बघायची आणि तिच्या घट्टपणावरून ठरवायचं. जरा उशीर झाला की अख्खी काहील वाया. तीस वर्षांत आबांचं कधी चुकलं नाही, असं मी सांगते. आई म्हणते, दोनदा चुकलं.

त्याच गुऱ्हाळावर, मालक आप्पासोंकडे, माझे आजोबा चुलवाणात जळण सारायचे. गुऱ्हाळावर आलेला माणूस रस प्यायल्याशिवाय परत जात नाही, या रीतीचं आमच्याकडे फार कौतुक. आजोबांनाही रस मिळायचा. बाजूला उभं राहून, ओंजळीत, वरून ओतलेला. पेला मिळायचा नाही. आम्ही बौद्ध झालो त्यानंतरही कितीतरी वर्षं तसंच चाललं. रीतीचं कौतुक करणारे एवढं सांगायचं नेमकं विसरतात. आबा गुळव्या झाले त्या दिवशी त्यांनी आप्पासोंना सांगितलं की इथं येईल त्याच्या हातात पेला जाईल, नाहीतर दुसरा गुळव्या बघा. आप्पासोंनी मान डोलावली. आबांच्या हातचा गूळ बाजारात हातोहात जात होता, मान डोलवायला त्यांचं काय जातंय.

पुढं आप्पासो वारले आणि त्यांच्या मुलांनी गुऱ्हाळ मोडून मंगल कार्यालय बांधलं. आबा पंचावन्नाव्या वर्षी घरी बसले ते वर्षभर. सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी तोच सदरा काढून ठेवायचे. मला ते बघवेना. मी सांगलीत विम्याच्या कार्यालयात कामाला आहे, दिवसभर इंग्रजी पत्रंच वाचते. मोबाइलवर शोधता शोधता एक जाहिरात सापडली. मॉरिशसमधल्या एका मोठ्या हॉटेलला पाहुण्यांसमोर गूळ करून दाखवणारं जोडपं हवं होतं. दोन वर्षांचा करार, राहायला खोली. फॉर्म मी भरला. त्यामुळे या सगळ्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

करारात 'तज्ज्ञ' असं लिहिलं होतं. तिथं गेल्यावर तज्ज्ञाला लग्नातल्या बँडवाल्यासारखा फेटा बांधला आणि आईला चकचकीत नऊवारी दिली. गोळी बघताना हात जरा थांबवा, फोटो नीट येत नाही, असं मोडक्या हिंदीत आबांना सांगायचे. फोटोसाठी पाक थांबतो होय? मी फोनवर भडकले. आबा हसले, म्हणाले, फेटा संध्याकाळी काढून ठेवता येतो. ते खरंच खूश होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला आधी समुद्र दाखवला नाही, ऊस दाखवला.

पहिल्याच आठवड्यात आबांनी एक साधी गोष्ट केली. ऊस आणून टाकणारे आणि बाग झाडणारे कामगार पाहुण्यांच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे उभे राहून बघत होते. आबांनी हातानं खूण करून त्यांना आत घेतलं आणि पाहुण्यांच्याच पेल्यांतून रस दिला. मग रोजच देऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात हॉटेलचं एक इंग्रजी पत्र पडलं. त्याचा फोटो मला पाठवून त्यांनी विचारलं, काय लिहिलंय.

लिहिलं होतं ते असं: पाहुण्यांखेरीज कुणालाही रस, काकवी किंवा गूळ देऊ नये. कामगारांना दोरीच्या आत घेऊ नये, पेल्यांना हात लावू देऊ नये. पाहुण्यांना ते अस्वच्छ वाटतं.

माझं डोकं भणाणलं. पण डोळ्यांसमोर ओट्यावरचा बाप आला आणि मी खोटं बोलले. म्हटलं, भांडी स्वच्छ ठेवा म्हणतायत.

आबांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते पेले स्वतः गरम पाण्यानं घासू लागले, आईलाही बसवलं. आणि आता तर तक्रारीला जागाच नाही म्हणून कामगारांना आणखी मोकळ्या मनानं बोलावू लागले. चौथ्या दिवशी मॅनेजर आला. एक म्हातारा माळी रस पीत होता. त्याच्या हातातला पेला काढून घेऊन मॅनेजरनं तो सगळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग हे नियम पाळीन असं लिहिलेला दुसरा कागद आबांपुढं ठेवला. सही करा, नाहीतर परत जा.

आबांचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. जिन्यात जाऊन घेतला.

"पिंके, पयल्या कागदात काय लिवलं हुतं?"

मी जिन्याचं दार ओढून घेतलं.

"त्या म्हाताऱ्याला म्या बोलावलं. माझ्या भरवशावर आत आला त्यो. माझ्या बापाला वाचता येत न्हवतं, लोक सांगतील त्येच त्याला खरं. मला इंग्रजी येत न्हाई. मग तुला शिकवलं कशापायी?"

नोकरी जाईल म्हणून सांगितलं नाही, असं मी कसंबसं म्हणाले.

"नोकरी माझी हाय. ठेवायची का सोडायची, म्या ठरवनार. बापाच्या वंजळीत वरनं वतलेलं म्या बघितलंय. आता वतनारा म्याच हुयाचं व्हय?"

मागून आई म्हणाली, "वाच आता. सगळं वाच."

दुसऱ्या कागदाचाही फोटो त्यांनी पाठवला होता. मी दोन्ही कागद वाचले. एक शब्द गाळला नाही. 'अस्वच्छ' आबांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग ते म्हणाले, लिही. आणि त्यांनी सांगितलं: माझ्या गुऱ्हाळावर येईल त्याच्या हातात पेला जातो. तुम्ही ज्याचा पेला टाकलात त्याची आधी माफी मागा. ते जमत नसेल तर आमची तिकिटं काढा.

मी तिथंच पायरीवर बसून ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. कामाच्या सवयीनं दोन ठिकाणी 'प्लीज' पडलं होतं. दोन्ही खोडली आणि पत्र पाठवलं.