कुंकू लावलेल्या सीडी

वारज्याच्या आमच्या शाळेला एका कंपनीने जुने संगणक दिले, पण हार्ड डिस्क काढून घेऊन. त्यांची माहिती बाहेर जायला नको म्हणे. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी, जिभेने तिखट. "खोबरं काढून घेतलं आणि करवंटी पाठवली," म्हणाले. दसऱ्यापर्यंत हे डबे चालले नाहीत तर संगणकांची खोली शिकवणीच्या क्लासला द्यायची, असं त्यांनी सभेत सांगूनच टाकलं. बाहेर हायवेवरून आयटीवाल्यांच्या बस धावत होत्या आणि माझ्या वर्गातल्या मुलींनी माऊसला हातही लावलेला नव्हता. मला संताप यायचा.

संगणक शिकवायचं काम माझं, त्यामुळे मीच कोथरूडच्या घरी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमची लाइव्ह सीडी करायला घेतली. ती घातली की मशीन तिच्यावरूनच सुरू होतं, हार्ड डिस्क लागत नाही. तयार मिळणारी सिस्टिम या म्हाताऱ्या मशीनना पेलवेना, म्हणून मी कात्री लावली. खेळ गेले, गाणी गेली, सजावट गेली. उरलं मराठी टायपिंग, चित्रं आणि गणित. इतकं कापलं की सगळं मशीनच्या मेमरीत मावावं आणि मग सीडी काढली तरी चालावं. पण हे मी शाळेतल्या एकाच मशीनवर करून बघितलं होतं.

अध्यक्ष खंडेनवमीला येणार होते. सकाळी एक सीडी मशीनमध्ये घातली, बाकीच्या टेबलावर मांडल्या आणि हजेरी घ्यायला वर्गात गेले. परत येते तर मुख्याध्यापिकाबाईंनी यंत्रपूजा उरकलेली. प्रत्येक सीडीची चकचकीत बाजू, मशीन वाचतं नेमकी तीच, वर करून तिला हळद आणि ओलं कुंकू. "तोंडालाच लावायचं ना?" त्या निरागसपणे म्हणाल्या. मी दात आवळून पदराने पुसत सुटले, तर चरे पडले. मशीनमध्ये घातल्या, पण एकही चालेना.

तेवढ्यात अध्यक्ष आलेच. काळ्या पडद्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "प्रसाद तरी आहे ना?"

सकाळीच मशीनमध्ये घातलेली सीडी तेवढी कुंकवातून वाचली होती. ते मशीन सुरू केलं, सगळं मेमरीत उतरेपर्यंत थांबले, मग सीडी काढून शेजारच्यात घातली. मग तिसऱ्यात. चौथं मध्येच अडकलं. ते बंद करून पुन्हा सुरू केलं आणि ते चाललं. मुली जागांवर बसून टाइप करायला लागल्या.

शेवटच्या मशीनवर आठवीतली एक मुलगी आपलं नाव लिहीत होती. अध्यक्षांनी काही न विचारता वाकून त्या ड्राइव्हचं बटण दाबलं आणि सीडी काढून हातात घेतली. सगळं मेमरीत उतरलं होतं का, हे मी अजून पाहिलं नव्हतं.

मुलीने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आडनाव लिहायला घेतलं. अक्षरं उमटत राहिली.

अध्यक्ष ते पूर्ण होईपर्यंत उभे राहिले. मग शाळेच्या कारकुनांना म्हणाले, "क्लासवाल्यांना कळवा, दुसरीकडे जागा बघा म्हणावं."

मला रडू फुटलं. मुली बघत होत्या, तरी मी ते आवरलं नाही.