तीन दिवसांचा चीक

माझी पहिली मुलगी चौथ्या दिवशी गेली. घरात सगळे म्हणाले, सटवाईने लिहिलं होतं तेवढंच. सटवाई लिहायला येते पाचव्या-सहाव्या दिवशी. मग चौथ्या दिवशी गेलेल्या पोरीचं तिने लिहिलं केव्हा, असं मी विचारलं. बाळंतिणीने फार बोलू नये, एवढंच उत्तर मिळालं.

माहेरी आई नव्हती, म्हणून दोन्ही बाळंतपणं सदाशिव पेठेत सासरीच झाली. आमच्याकडची रीत अशी, की पहिले तीन दिवस बाळाला पाजायचं नाही. पहिलं दूध म्हणजे चीक, तो बाळाला बाधतो, म्हणून शेगडीच्या राखेत पिळून टाकायचा. पोराला गुळाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात चोखायला द्यायची. माझी पोर वात चोखून चोखून थकली आणि रडायची थांबली. सासूबाई म्हणाल्या, गुणी आहे हो, किरकिर म्हणून करत नाही.

दुसऱ्या खेपेस मुलगा झाला, अंगाने किरकोळच. आमचे हे फौजेबरोबर कर्नाटकाच्या स्वारीवर होते. घरी असते तरी आईपुढे बोलले असते असं नाही. त्याच आठवड्यात गोठ्यातली गाय व्यायली होती आणि घरातले सगळे मिटक्या मारत खरवस खात होते. गाईचा चीक कोणालाच बाधत नव्हता.

सुईण येरवड्याहून नदी ओलांडून यायची. तिचा हात लागल्याशिवाय या घरात कोणी जन्मत नसे, आणि ती उठल्यावर जागा सारवल्याशिवाय तिथे कोणी पाऊल टाकत नसे. त्या दिवशी निघताना ती हळूच म्हणाली, "बाई, वासराला चीक न्हाय पाजला तर ते जगत न्हाय, ह्ये गुराख्याला बी ठावं हाय. आमच्यातली पोरं पयल्यापासनं पित्यात."

मी तेव्हाच मुलाला अंगावर घेतलं.

सासूबाई गुळाचं पाणी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, मारशील त्याला! आधी बाजूला कर!"

"नाही करणार."

"सुईणीचं ऐकून घरची रीत मोडतेस?"

"रीत पाळून एक घालवली, सासूबाई. आता मोडून बघते. मला घराबाहेर काढायचं तर काढा, पण याचं पोट भरल्यावर."

सासूबाईंना मी असं कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, त्याचा मला आजतागायत पश्चात्ताप नाही.

वाटलं, आता सगळी पेठ गोळा करतील. पण त्या वाटी हातात घेऊन दाराशीच बसल्या. त्यांची स्वतःची चार मुलं बारशापर्यंतही पोचली नव्हती, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. माझा मुलगा नेटाने लुचत होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "हा जगला, तर माझी चारही मीच मारली असं होईल गं."

मला त्यांची दया आली. तसं काही नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं; पण ते खोटं झालं असतं. मी मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं.