पंच्याहत्तर हजार आणि नळी

आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, ते लिहितो: सासऱ्यांच्या इन्कम टॅक्समधली पंच्याहत्तर हजारांची वजावट मी मिळवून दिलेली नाही. ती सरकार प्रत्येक पेन्शनवाल्याला आपण होऊन देतं.

सासरे शिरोळचे, निवृत्त हेडमास्तर. जावई दोन. थोरल्याचे दोन ट्रॅक्टर. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकौंटंट. त्यामुळं सासुरवाडीला मटण झालं की नळी थोरल्याच्या ताटात. मला रस्सा, तोही मागितला तर.

गेल्या वर्षी सासरे रिटर्न भरायला माझ्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आले. सोबत पिशवीभर पावत्या: औषधांच्या, चष्म्याच्या, एसटीच्या तिकिटांसकट. मी पिशवी उघडलीच नाही. नव्या करपद्धतीत नोकरदाराला आणि पेन्शनरला ठरावीक रक्कम सरसकट वजा मिळते, पुरावा कुणी मागत नाही. त्यालाच स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात. मी आकडा दाखवला.

"पावती न्हाय, बिल न्हाय, आन् पंच्याहत्तर हजार वजा?" सासरे खुर्चीतनं उठलेच. "पावणं, वळख लावली की काय?"

इथं 'न्हाय' म्हणायला हवं होतं. पण मी मुळात कमी बोलणारा. नुसता हसलो आणि म्हणालो, "कुठं बोलू नका."

आमच्याकडं एवढं म्हटलं की बातमी दुपारच्या आत नदीपल्याड पोचते. पुढच्या रविवारी नळी माझ्या ताटात! थोरला बघतच राहिला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुमचं ट्रॅक्टरबी वजा करून घ्या की यांच्याकडनं." मी खाली मान घालून नळी ओढली. इतका आवाज मी त्या घरात कधी केला नव्हता.

मग सासरे आपल्या शेजारच्या काकूंना घेऊन आले. काकूंचे यजमान सासऱ्यांच्याच शाळेत मास्तर होते. ते वारल्यापासून काकूंना फॅमिली पेन्शन मिळते. तिचा नियम निराळा. वजावट आली पंचवीस हजार.

"माझं पंच्याहत्तर, बाईचं पंचवीस? हात का आखडला?"

"त्यांना नियमच तसा हाय."

"नियम मला सांगू नका. माझ्या टायमाला कुठं गेलता नियम?"

काकू कागद गोळा करून निघाल्या. आठवड्यानं त्यांचा डबा आला, घरच्या तुपातले बेसनाचे लाडू. सोबत सासऱ्यांच्या तोंडी निरोप: जमलं तर पुढच्या वर्षी बघा.

माझा हात सैल सुटावा म्हणून त्या माउलीनं तूप कढवलं होतं. आणि लाडू असे झालेले, की एकही परत पाठवावासा वाटला नाही.

नळीचं मी सासऱ्यांशी बघून घेईन. तिचा हिशेब होईल, थोरल्याला आनंदही होईल. पण काकूंचा डबा अजून आमच्या फळीवर आहे. रिकामा द्यायचा नसतो म्हणून ठेवलाय, असं मी बायकोला सांगतो. खरं तर तो द्यायला गेलो की बोलावं लागेल: काकू, पंचवीस हजार हा तुमचा हक्कच आहे, त्यात मी काही कापलं नाही, आणि लाडवांनी तो वाढणारही नाही.

काकूंचा डबा आणि हे एक वाक्य, एवढं मी अजून देणं लागतो.