मनीचा बोटभर भात

मी आणि माझी बायको हौसा, दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते लोणी कढवायचं. आज शेजारच्या घरातून तोच वास आला आणि मी दारातच खाली बसलो.

आमी पलूसकडचे. तूप गाळलं की तळाच्या बेरीत साखर घालून खायची, ही आमची चैन. त्या दिवशी पातेलं उघडं राहिलं आणि आमच्या मनी मांजरीनं सगळी बेरी चाटून खाल्ली. पोट टम्म फुगलं, कण्हत पडली. मी दूध घेऊन धावलो.

"आवं, ठिवा ते. दुधानं आणखी बिघडंल," हौसा म्हणाली. "आज कायबी घालू नका, नुसतं पाणी ठिवा. उद्या सकाळी बोटभर मऊ भात द्या. तूप न्हाई."

"तू काय जनावरांची डॉक्टर हाईस?"

"तुमाला सांभाळलं की इतकी वर्सं."

तेवढ्यात मनी उठून परसात गेली. निवडून निवडून हराळी चघळली आणि सगळं तुपकट ओकून टाकलं. तिला हे कुणी शिकवलं असंल? मी बघतच राहिलो.

संध्याकाळी दिवा लावता लावता हौसा खाली बसली, ती उठलीच न्हाई. तवा मला मांजराचं नवल वाटलं होतं. आता हौसाचं वाटतं. जाता जाता मनीच्या सकाळची सोय लावून गेली.

दुसऱ्या दिवशी भावकी म्हणाली, सुतकात चूल पेटवत न्हाईत. मी पेटवली. मूठभर तांदूळ मऊ शिजवला, फुंकून गार केला आणि मनीपुढं बोटभर ठेवला.